जाळलेला पत्ता

माझ्या बिल्ल्यावर लिहिलंय द्राहोमीरा.
एवढं लांब नाव वाचायची टेबलावर कुणाला सवड नसते.
ते माझे हात बघतात:
बावन्न पत्ते पिसणारे, नखं कापलेली,
अंगठी नाही. नियमच आहे तसा.

सीमेच्या आमच्या, चेक बाजूला,
ट्रकची रांग संपते तिथं कॅसिनो आहे.
बाहेर बिटाची शेतं, एक पेट्रोल पंप,
आणि हिवाळ्यात दुपारी चारलाच उतरणारा अंधार,
ज्याचा आतल्या कुणाला पत्ता नसतो.

बार्नाबाश सेगेडहून येतो,
वर्षातून दोनदा, अकरा वर्षं झाली.
त्याच्या पाठपिशवीत एक उशी, सालासकट अक्रोड,
आणि रबर लावलेली वही,
जिच्यात लिहिलंय तो कुणाकुणाचा आहे.
बारा टक्के मेव्हण्याचा.
वीस टक्के ब्रनोमधल्या एका माणसाचा,
ज्यानं त्याला कधी पाहिलेलंच नाही.
पाच टक्के शाळेतल्या गणिताच्या बाईंचा. त्या हट्टानं पैसे देतात.
असा विकत विकत तो टेबलाशी येऊन बसतो
तेव्हा स्वतःचा उरलेला असतो एकतीस टक्के.
"पुरतो," म्हणतो. "भूक मात्र शंभराची लागते."

तिसरा दिवस. पैसे सत्त्याण्णव जणांना.
उरलेत अठ्ठ्याण्णव.
या घडीला म्हणतात बुडबुडा.
सगळी टेबलं एकेक डाव खेळून थांबतात,
माना वळवतात, कोण गेलं का बघतात,
आणि पुन्हा एक डाव.
तासाभरात मी त्याला तीस पत्ते वाटले.
तिसांच्या तीस त्यानं परत सारले,
ताटातलं नावडतं बाजूला काढावं तसे,
वाढणारीला वाईट वाटू नये असे.
लोकांना वाटतं, हे छातीठोक लोक.
मला दिसतात दवाखान्याच्या बाकावरचे,
नंबर यायची वाट बघणारे.

मग राणी. बदामची.
मग इस्पिकची.
त्याच्या कानामागची एक शीर हलली, बाकी काही नाही.
होतं नव्हतं ते त्यानं पुढे सरकवलं.
रेगेन्सबर्गचे दंतवैद्य ओबरमायर,
सुट्टी काढून येणारे, हरले तरी खूश असणारे,
त्यांनी चौकटचा एक्का आणि नव्वी उलटली,
जवळजवळ माफी मागत.

सत्ती. दुर्री. गुलाम.
वरचा पत्ता उपडाच बाजूला सारायचा.
जाळणं म्हणतो आम्ही त्याला. तो कुणाचाच नसतो.
जाळला. चव्वी आली.
पुन्हा एक जाळला.

किलवरचा एक्का.

आणि अख्खा हॉल टाळ्या वाजवू लागला.
माणसं उठली, एकमेकांच्या पाठी थोपटल्या,
कुणीतरी बिअर मागवली.
ती दाद त्याला नव्हती. त्याच्या जाण्याला होती.
रिवाज आहे. त्यात वाईट कुणी नसतं.
मी मान खाली घालून चिप्स मोजत राहिले.
बार्नाबाशनं माझ्यासाठी टेबलावर दोनदा बोटं टकटकवली,
खुर्चीवरची उशी उचलली.

पाळी संपली तेव्हा पहाटेचे पाच.
तो पंपाच्या शेडखाली उभा, फोनमध्ये निरोप बोलत,
एकेकाला, त्याच्या त्याच्या भाषेत:
डाव बरोबर होता, असाच शंभरदा खेळलो तर सत्तरदा जिंकीन.
जर्मन मला कळली. हंगेरियन नाही,
पण तिथला आवाज जरा खाली गेला.

मला बघून म्हणाला,
"एक्क्याआधी जो जाळलास. कोणता होता?"
"आम्ही बघत नाही."
"माहीत आहे."

उद्या ब्रातिस्लाव्हा, मग टालिन, असं काहीतरी सांगत
त्यानं माझ्या हातावर दोन अक्रोड ठेवले.
फोडायला काही नव्हतं.
बीटाच्या शेतांमधून घरापर्यंत
कोटाच्या खिशात माझा हात
ते दोनच, पिसत राहिला.